जावईबापूंच्या गिटारीचे तीन टवके

दत्तराव गुरुजी पलंगाखाली वाकले ते आपली पूजेची पळी शोधण्यासाठी. परंतु पळीऐवजी त्यांच्या दृष्टीस जे पडले, त्यामुळे ते वाकलेल्या अवस्थेतच काही काळ स्थिर झाले. भिंतीलगत, काळ्या कापडी खोळीत, जावईबापूंची गिटार आडवी सारलेली होती आणि तिच्या मानेला टेकून जावईबापूंचे बूट सुखाने विसावले होते.

"ऐकलं का," ते तिथूनच म्हणाले, "भुजंगरावांनी वाद्य बुटांजवळ ठेवलंय."

"मग बूट बाजूला सारा," स्वयंपाकघरातून नर्मदाबाईंचा आवाज आला. "अन् त्या गिटारीला हात लावू नका. आजच्या दिवस तर न्हाईच न्हाई."

आजच्या दिवसाचे महत्त्व गुरुजींना सांगण्याची खरोखर आवश्यकता नव्हती. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणून सत्यशीला आणि जावईबापू भुजंगराव आदल्या संध्याकाळी नांदेडहून जिंतूरला आले होते. या महिन्यात जावई हा जावई राहत नाही, तो साक्षात नारायण होतो. त्याचे पाय धुवायचे, त्याला पुरणाचे धोंडे वाढायचे, अनारशांचे वाण दीपासह त्याच्या हाती द्यायचे, अशी रीत. नारायण सकाळच्या गाडीने लक्ष्मीसह चारठाण्याची जुनी देवळे पाहायला गेले होते. देवळांत जायचे म्हणून बूट घरी ठेवून चपला घालून गेले होते. दुपारच्या गाडीने ते परत येणार आणि मग पाटावर बसणार.

आणि ते पाटावर बसले की गुरुजी त्यांच्याकडे एक मागणे मागणार होते.

सत्यशीलेला बी.एड. करायचे होते. लग्न ठरताना भुजंगराव "शिकू देऊ की" असे म्हणाले होते. परंतु पुढे त्यांच्या आईचे गुडघे, घरचा स्वयंपाक आणि बँकेची बदली अशी एकेक कारणे त्या वाक्यावर येऊन बसली आणि वाक्य खाली दडपले गेले. परभणीच्या महाविद्यालयाचे प्रवेश आता तोंडावर आले होते. यंदा राहिले तर कायमचे राहिले, हे गुरुजींना शिक्षक या नात्याने पक्के ठाऊक होते. काल आल्यापासून पोर अबोल होती. नवऱ्याशी तर कामापुरतेच बोलत होती. उन्हाचा तडाखा फार आहे, असा गुरुजींनी त्याचा अर्थ लावला होता.

"धोंड्याच्या दिवशी जावयाला द्यायचं असतं, मागायचं नसतं," असे नर्मदाबाईंनी कालच बजावले होते.

"आपण देवाजवळ मागत नाही का?"

"देव रुसून नांदेडला निघून जात न्हाई."

तेव्हा जावईबापूंची मर्जी आज दुपारपर्यंत जपणे हे एकच कर्तव्य होते, आणि गुरुजी ते मनापासून जपणार होते. अडचण इतकीच की उभी हयात संस्कृत शिकवण्यात गेलेल्या त्या गृहस्थाला वाद्य म्हणजे लाकूड आणि तारा असे कधी वाटलेच नाही. वीणा असो की गिटार, ती सरस्वतीच. सरस्वती बुटांशेजारी पडलेली पाहून उठून जाणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी प्रथम बूट हलवले. मग मनात आले, बूट हलले तरी खोळीला स्पर्श तर झालाच. मग त्यांनी तिथल्याच अंधारात गिटार खोळीतून काढली. काढल्यावर ती ठेवायची कुठे? देवघरात. आणि देवघरात आलेल्या देवतेची पूजा न करणे कोणत्या शास्त्रात बसते?

देवघर लहान, अंधारे. गुरुजींनी नेहमीप्रमाणे चष्मा काढून खिडकीत ठेवला, पाटावर धूतवस्त्र अंथरले, त्यावर गिटार निजवली आणि पंचोपचार आरंभले. गंध त्यांनी तिच्या मस्तकाला, खुंट्यांच्या मधोमध लावले. अक्षता वाहिल्या तेव्हा काही दाणे मधल्या भोकातून तिच्या उदरात गेले. त्याला इलाज नव्हता. फूल त्या भोकापासून दूर ठेवले. शेवटी शेजारी समई लावली, डोळे मिटले आणि शारदेचे ध्यान मांडले. हात जोडताना उपरण्याचे टोक समईत कधी अडकले हे त्यांना कळले नाही. खणाणा असा आवाज मात्र कळला.

डोळे उघडले तेव्हा समई गिटारीला टेकून आडवी पडली होती, ज्योत विझली होती आणि तेल पाटावरून वाहत होते. गुरुजींनी खिडकीतला चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि गिटार उजेडात आणली.

मधल्या भोकाच्या खाली, त्या मधासारख्या पिवळ्या तुकतुकीत झिलईवर, तीन टवके उडाले होते. मृग नक्षत्रातला बाण जसा तिरपा दिसतो तसे ते तिरप्या रेषेत, एकाखाली एक, ठळक दिसत होते.

गुरुजी तर्कशास्त्रही शिकवत असत. कार्य समोर होते. कारण शेजारीच पडले होते. समईची बैठक आपटली तो पहिला, दांडी आपटली तो दुसरा, शेंडा आपटला तो तिसरा. अनुमानात कुठे फट नव्हती.

नर्मदाबाई पिठाचे हात घेऊनच दारात आल्या. त्यांनी समई पाहिली, टवके पाहिले, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले.

"हात लावू नका म्हनले होते."

"मी पूजा करत होतो."

"पूजाच केली तुमी तिची." त्या खाली बसल्या आणि बोट न लावता टवक्यांकडे बघत राहिल्या. "लग्नात ती मोटारीत मांडीवर घेऊन बसले होते जावईबापू. पोरीला मागच्या सीटवर बसवलं अन् हिला मांडीवर. आता काय बोलणार तुमी त्यांच्याशी? गेलं पोरीचं बी.एड."

गुरुजींनी उपरणे खांद्यावर टाकले, पायात वहाणा सरकवल्या आणि त्या उन्हात, टोपीही न घालता, मागच्या गल्लीतल्या नागनाथरावांच्या घराकडे निघाले.

नागनाथराव हे गुरुजींच्याच शाळेत विज्ञान शिकवत. नामांतराच्या मोर्च्यात पाठीवर लाठ्या घेऊन आलेला हा माणूस आणि संध्यावंदन न चुकवणारे गुरुजी यांचा संध्याकाळचा चहा इतकी वर्षे एकाच कट्ट्यावर होत आला होता. दोघांचे एकाही विषयावर एकमत नव्हते आणि एकाही संध्याकाळी खंड नव्हता. नागनाथरावांनी सारी हकीकत मान हलवत ऐकली आणि कपाटातून बोटाएवढी एक नळी काढली.

"इन्स्टंट गोंद हाय. मागच्या महिन्यात परभणीहून आणला. चष्म्याची काडी जोडली, बगा. हलत न्हाई."

"पण गिटार मोडलेली नाही. टवके उडालेत."

"तेच सांगायलोय. टवका म्हंजे काय? वरलं पॉलिश गेलं, लाकूड जाग्यावर हाय. ह्यो गोंद वाळला की काचेवाणी व्हतो. थेंब थेंब टवक्यात भरायचा. वाळला की ब्लेडनं खरवडून सपाट करायचा. मंग पाण्याचं पॉलिशपेपर, वरून दंतमंजन. हुडकून सापडायचा न्हाई टवका."

"तुम्ही हे आधी केलंय?"

"वर्गात शिकवलंय."

"गिटारीवर?"

"पृष्ठभागावर," नागनाथराव म्हणाले आणि पायात चपला घालू लागले. "चला. नामांतराच्या ठरावाला दहा वर्सं झाली, ते अजून लटकलेलंच हाय. ह्याला दहा मिन्टंबी लागायची न्हाईत."

देवघरात उजेड कमी म्हणून गिटार पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या सतरंजीवर आणण्यात आली. उचलताच तिच्या पोटात काहीतरी खुळखुळले.

"आतलं काय मोडलं?" नागनाथराव दचकले.

"अक्षता आहेत," गुरुजी खाली पाहत म्हणाले.

नागनाथरावांनी गिटार पालथी धरून हलवली. तारांमधून तांदूळ टपटप पडू लागले. बराच वेळ पडत राहिले.

"सरस्वतीला जेवायलाबी घालता व्हय तुमी?"

"नागनाथराव, आज थट्टा नको."

गुरुजींनी समईचे तेल मऊ फडक्याने पुसले, पुन्हा पुसले. नागनाथरावांनी सुईच्या टोकाने पहिल्या टवक्यात थेंब सोडला. थेंब पसरला, टवक्याच्या कडेपर्यंत गेला आणि नेमका तिथे थांबला. दोघांचा श्वासही थांबला होता. दुसरा टवकाही तसाच भरला. उग्र वास नाकात गेल्याने गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आले. बाकी सर्व काही इतके सुरळीत चालले होते की नर्मदाबाई दारातून बघून "बरं दिसायलंय" असे म्हणून धोंड्यांकडे परत गेल्या.

तिसऱ्या टवक्यात थेंब पडला, आणि गुरुजींना त्यात एक अक्षत दिसली. कुठल्याशा तारेला अडकून राहिलेला एकुलता एक दाणा अगदी त्याच वेळी घरंगळला होता आणि त्या थेंबात जाऊन उभा राहिला होता.

"थांबा, मी काढतो," असे म्हणून गुरुजींनी अंगठा पुढे केला.

"न्हाई, गुरुजी, बोट न—"

पण अंगठा पोहोचला होता. दाणा सुटला, खाली पडला. अंगठा मात्र राहिला.

गुरुजींनी हलकेच ओढून पाहिले. गिटार अंगठ्याबरोबर सतरंजीवरून उचलली गेली.

"ओढू नका," नागनाथरावांचा आवाज एकदम बारीक झाला. "ओढलं तर दोन्हीतलं एक जाणार. एक तर तुमचं कातडं, न्हाईतर त्यांचं पॉलिश."

"कातडं गेलं तर चालेल," गुरुजी तत्काळ म्हणाले.

नागनाथराव कढत पाण्यासाठी स्वयंपाकघरात धावले. गुरुजी एक गुडघा टेकून, वाकून, अंगठा गिटारीवर ठेवून तसेच बसून राहिले. आणि त्याच क्षणी अंगणातून "नर्मदाबाई, हायत का घरात" असा आवाज आला. शेजारच्या धुरपताबाई वाटीभर तूप परत द्यायला आल्या होत्या. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"काय करायलाव गुरुजी?"

गुरुजींनी जन्मात असत्य भाषण केले नव्हते. सत्य तर सांगण्यासारखे नव्हते. ते डोळे मिटून गप्प राहिले. धुरपताबाईंनी त्यांची ती मुद्रा, कपाळावरचा घाम, गिटारीच्या मस्तकावरचे गंध असे सारे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"बरं बरं, चालू द्या. जावयाचं वाजवणं हाय व्हय दुपारी? मंग जेवणं झाली की येते ऐकायला." तुपाची वाटी कोनाड्यात ठेवून त्या पावले न वाजवता निघून गेल्या.

"आता हे एक अजून," आतून येणाऱ्या नर्मदाबाई म्हणाल्या.

कढत पाण्याचा काही उपयोग होईना; शिवाय लाकडावर पाणी सांडेल म्हणून गुरुजीच ते घेऊ देईनात. शेवटी नर्मदाबाईंनी फुले ओवायचा दोरा तेलात भिजवला, अंगठ्याखाली कडेने सारला आणि दोन्ही टोके धरून, जणू जिवंत जखम कापावी अशा सावकाश हाताने मागेपुढे ओढू लागल्या. नागनाथराव गिटार धरून बसले. गुरुजी मनात विष्णुसहस्रनाम म्हणत होते. ते बरेच पुढे गेल्यावर अंगठा सुटला; कातडे सोलले होते, त्याला नर्मदाबाईंनी चिंधी गुंडाळली.

तिसऱ्या टवक्यावर आता गुरुजींच्या अंगठ्याच्या सगळ्या रेषा उमटल्या होत्या.

"खरवडून टाकू," नागनाथराव म्हणाले.

"माझा अंगठा?"

"अंगठा न्हाई, त्याचा ठसा."

पण खरवडण्याआधीच एक नवे संकट आले. वाळता वाळता गोंदाने तिन्ही टवक्यांभोवती पांढरी राख धरली. आधी जे टवके हाताएवढ्या अंतरावरून दिसत होते ते आता दारातून दिसू लागले. गुरुजी भिंतीला टेकून बसले. चारठाण्याची गाडी सुटली असेल, पुलाजवळ आली असेल, असे त्यांना दिसू लागले. गाडीत खिडकीशी सत्यशीला बसलेली दिसू लागली.

"उतरंल, राख उतरंल," नागनाथराव स्वतःलाच सांगत होते. त्यांनी दाढीच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली, म्हणजे पात्याचा मधला भागच तेवढा गोंदाला लागावा, आणि एकेक थर निघेल असे खरवडायला सुरुवात केली. भुकटी उडू लागली. नर्मदाबाई पंख्याने वारा घालायच्या थांबल्या, कारण भुकटी पुरणाकडे जात होती. मग ओला पॉलिशपेपर. मग मऊ फडक्यावर दंतमंजन. गुरुजींनी फडके मागून घेतले आणि गुंडाळलेल्या अंगठ्यानेच, शाळेतल्या फळ्यावरची चूक पुसावी तसे, पुसत राहिले.

राख गेली. रेषा गेल्या. टवके गेले. तिरप्या नजरेने पाहिले, उजेडात धरून पाहिले, बोटाने चाचपून पाहिले; झिलई सलग होती. किंचित दोष काढायचाच तर इतकाच, की तेवढी जागा बाकीच्या गिटारीपेक्षा जास्त चकाकत होती.

"बाकीची पण घासू का?" नागनाथरावांनी विचारले.

तेवढ्यात चौकातून गाडीचा भोंगा ऐकू आला. गुरुजींनी मस्तकावरचे गंध पुसले, गिटार खोळीत घातली, पलंगाखाली भिंतीलगत सारली. मग एक क्षण ते थांबले. हललेली प्रत्येक वस्तू जशी होती तशी दिसली पाहिजे, हे त्यांना समजत होते. त्यांनी गिटारीला नमस्कार केला, डोळे मिटले आणि स्वतःच्या हाताने बूट पुन्हा तिच्या मानेला टेकवून ठेवले.

भुजंगराव पाटावर बसले तेव्हा नर्मदाबाईंनी त्यांच्या पायांवर पाणी घातले आणि गुरुजींनी ते पुसले. गुंडाळलेला अंगठा जावईबापूंच्या नजरेतून सुटला नाही.

"मामा, बोटाला काय झालं?"

"चिकटलं होतं," गुरुजी म्हणाले.

"कशाला?"

"गुळाच्या पाकाला," नर्मदाबाई मधेच म्हणाल्या आणि त्यांनी जावयाच्या पानात आणखी एक धोंडा वाढला.

पंगतीला नागनाथरावही होते. ते एरवी जेवताना पुष्कळ बोलत. आज पानातून मान वर करीत नव्हते. गुरुजींनी घसा खाकरला, "भुजंगराव, एक विचारायचं होतं" इतके शब्द जुळवले आणि मग त्यांना ती जास्त चकाकणारी जागा आठवली. ते म्हणाले, "देवळं आवडली का?"

"लय आवडली," भुजंगराव म्हणाले आणि पुन्हा पुरणाकडे वळले. सत्यशीला वाढत होती. तिने वडिलांकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि तूप न वाढताच पुढे गेली.

वाण देऊन झाले, विडे झाले, आणि गुरुजी दुसऱ्यांदा घसा खाकरणार तोच धुरपताबाई पदर सावरत आत आल्या आणि भिंतीशी बसल्या.

"हं, जावईबापू. वाजवा आता. सकाळपासून कानात प्राण आणून बसलेय."

"आज राहू द्या," भुजंगराव घाईने म्हणाले. "तारा उतरल्यात."

"ऊन किती हाय," सत्यशीला म्हणाली. "उन्हात सूर लागत न्हाईत."

"भोजनोत्तर वाद्य वाजवू नये," गुरुजी म्हणाले.

"असं कुठं लिव्हलंय गुरुजी?" धुरपताबाईंनी भाबडेपणाने विचारले.

आधार नसलेले वचन गुरुजींच्या तोंडून आजवर निघाले नव्हते. त्यांना इतकेच विचित्र वाटले, की न वाजवण्याची घाई आपल्याहून जावयाला जास्त का असावी. पण विचार करायला वेळ नव्हता. धुरपताबाई स्वतःच पलंगाकडे निघाल्या, तसे भुजंगराव ताडकन उठले.

"मी काढतो. तुमी बसा."

त्यांनी खोळ काढली ती सगळ्यांकडे पाठ करून. गिटार अशी छातीशी धरली की तिचे तोंड कोणाला दिसू नये. तशीच ती घेऊन ते खाली बसले, आणि बसता बसता त्यांची नजर खाली गेली.

ते हलले नाहीत. मग त्यांनी बोट त्या जागेवरून फिरवले. पुन्हा फिरवले. गिटार दाराच्या उजेडाकडे वळवली. भुजंगरावांनी सत्यशीलेकडे पाहिले. तिने चकित होऊन, मी नाही, अशी मान हलवली. मग त्यांची दृष्टी हळूहळू वळली आणि गुरुजींच्या गुंडाळलेल्या अंगठ्यावर येऊन ठरली.

गुरुजी उठून उभे राहिले. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"भुजंगराव, हे जे घडलं—"

"मामा, तुमी काही बोलू नका." भुजंगरावांचा आवाज भरून आला होता. त्यांनी गिटार बाजूला ठेवली आणि ते गुरुजींच्या पायांवर वाकले. धोंड्याच्या दिवशी नारायण सासऱ्याच्या पाया पडतो, असे जिंतुरात कोणी पाहिले नसेल. "मला आधीच लय लाज वाटायलीय."

"तुम्हाला?"

"परवा घरी भांडण झालं. बी.एड.वरूनच. मी म्हनलं, शिकून काय करायचंय, घर सांभाळ. तर हिनं सांडशी भिरकावली."

"हातातून सुटली," सत्यशीला म्हणाली.

"सुटली. मला लागली न्हाई. गिटारीला लागली."

"टप्पे खात गेली, बाबा," सत्यशीला खाली मान घालून म्हणाली. "तीन."

गुरुजी उभे होते ते खाली बसले.

"न आणावी तर तुमी इचारलं असतं; आणली, तर तुमाला दिसू नये म्हणून कालपासून पलंगाखाली सारून ठेवली होती," भुजंगराव सांगत होते. "तुमच्या नजरेतून काय सुटतंय. तुमी टवके पाहिले अन् समदं वळखलं. पोरीला इचारलं न्हाई, मला बोल लावला न्हाई. बोट फोडून घेतलं, पण आमचं भांडण गुपचूप बुजवून टाकलं. एवढं झाल्यावर मी कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू? सत्यशीला यंदा परभणीला जाईल. बी.एड. करील."

नर्मदाबाईंच्या हातातली पळी तुपाच्या भांड्यात सावकाश बुडाली. धुरपताबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"सकाळी मी बघितलं की," त्या म्हणाल्या. "अंगठा टेकवून, डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, आशीर्वाद द्यायलेत गिटारीला."

गुरुजींची अवस्था मोठी कठीण झाली. जे हवे होते ते न मागता पदरात पडले होते. परंतु ज्या पुण्यावर ते पडले ते पुण्य त्यांनी केलेले नव्हते. अर्जित नसलेले काही घेणे त्यांना ठाऊक नव्हते. ते सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलले.

"भुजंगराव, ऐका. मला यातलं काहीसुद्धा ठाऊक नव्हतं. मी तुम्हाला न विचारता गिटार काढली, पूजा मांडली. डोळे मिटलेले होते. समई पडली. टवके दिसले, ते समईनं पडले असं मी समजलो. आणि तुम्ही रागवाल या भीतीनं ते बुजवले. यापलीकडं काही नाही."

भुजंगराव त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि बायकोकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बघितलंस? तुझ्या सांडशीचा दोषबी स्वतःच्या अंगावर घ्यायलेत."

"न्हाई हो, खरंच समई पडली," नागनाथरावांना राहवले नाही. "गोंद माझा हाय. चष्म्यासाठी आणला होता."

"तुमालाबी सांगून ठेवलं व्हय मामांनी?" भुजंगरावांच्या डोळ्यांत आता उघड पाणी आले. "बस झालं मामा. आईला मी समजावतो. अन् शनिवारी हिनं नांदेडला यायची दगदग करायची न्हाई. मीच येत जाईन परभणीला."

सत्यशीला वडिलांजवळ येऊन बसली आणि तिने त्यांचा तो गुंडाळलेला अंगठा आपल्या दोन्ही हातांत घेतला. नागनाथरावांनी हताशपणे तोंडात विडा घातला. गुरुजींना मात्र अजूनही स्वस्थता नव्हती. आपले विधान नीट मांडले गेले नाही, हेतू आणि उदाहरण यांचा क्रम चुकला, म्हणून ते पटले नाही, असे त्यांना वाटत होते. त्यांनी उपरणे सारखे केले आणि पुन्हा घसा खाकरला.

"भुजंगराव, समईच्या बाबतीत—"

नर्मदाबाई अनारशांचे ताट घेऊन मधे आल्या. जावयाच्या हातावर एक ठेवला, नागनाथरावांच्या हातावर एक ठेवला, आणि नवऱ्यासमोर वाकताना त्यांच्या कानाशी अगदी हळू म्हणाल्या,

"सांगा, सांगा. आणखी एकदा खरं सांगून बगा. एम.एड.चंबी आजच उरकून जाईल."